तिसऱ्या दिवसाचं रक्त

मुकुंद पुतळाजी चिमट्यात सरडा धरून रंगीच्या काचघराचं झाकण उघडणार, एवढ्यात बाळाजीकाका दारात येऊन उभे राहिले. काका म्हणजे देवळाचे सर्वात जुने पंच. सापांची त्यांना अशी धास्ती की उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही, तिथूनच म्हणाले, "मुकुंदा, ठरलं बरं का. रामनवमीच्या कीर्तनाला जनार्दन उभा राहणार. तू आपला नेहमीसारखा मागे, झांजेला."

"हो का," मुकुंद म्हणाला.

"अरे, हो का काय? दोन वर्षांनी गडी गादीवर उभा राहतोय! तुझ्याच कृपेनं. गाव तुझं नाव घेतंय."

"बरं झालं, काका."

काका गेले. चिमट्यातला सरडा वळवळत होता. आत वाळक्या पानांवर साडेतीन फुटांची रंगी जीभ लपलपवत वाट बघत होती. एकोणचाळीस दिवसांत तिनं काही खाल्लं नव्हतं. आज खाल्लं म्हणजे बरोबर तिसऱ्या दिवशी, एकादशीला, तिचं चमचाभर रक्त काढायचं होतं, आणि ते जनार्दनच्या छातीत जायचं होतं.

मुकुंदनं सरडा परत जाळीच्या डब्यात सोडला, झाकण लावलं, नोंदवही ओढली आणि सुवाच्य अक्षरांत लिहिलं: रंगी, जेवण, सकाळी दहा वाजून पाच मिनिटं.

आता हा काय प्रकार, ते सांगितलं पाहिजे.

मॉरिशसच्या उत्तरेला समुद्रात एक उघडाबोडका खडक आहे. त्याला आमची मंडळी गोल बेट म्हणतात. जगात दुसरीकडे कुठेही न सापडणारा एक बोआ, म्हणजे अजगराच्या नात्यातला बिनविषारी साप, या खडकावर राहतो. त्याच्या वरच्या जबड्याचं हाड मधोमध दुभंगलेलं असतं, बिजागरीसारखं वाकतं; गुळगुळीत, कडक सरडा त्यात असा अडकतो की सुटणं नाही. सकाळी गडद दिसणारा हा प्राणी संध्याकाळी फिकट होतो. एके काळी बेटावर सोडलेल्या बकऱ्यांनी आणि सशांनी झाडझाडोरा फस्त केला, तेव्हा तो संपायलाच आला होता. मग माणसांनी आमच्या गावाजवळ केंद्र काढून त्याला जपलं, आणि या जपणुकीतूनच आपल्या गोष्टीतला शोध लागला.

मोठे साप महिनोन्‌महिने उपाशी राहतात आणि एकदा खाल्लं की दोन-तीन दिवसांत त्यांचं हृदय फुगून मोठं होतं, हे शास्त्रज्ञांना आधीपासून ठाऊक होतं. पण दोन हजार एकेचाळीस साली डॉक्टर सोलांज नावाच्या बाईंच्या ध्यानात आलं की गोल बेटाच्या बोआचं हृदय नुसतं फुगत नाही. त्यात नवे स्नायू उगवतात, ताजे, कोवळे, धडधाकट. रक्तातून तसा संदेश फिरतो. जेवणानंतर बहात्तर तासांनी तो सर्वात जोरात असतो. ते रक्त गाळून, माणसाला सोसेल असं करून टोचलं, तर माणसाचं मेलेलं हृदयही अंकुर धरतं. संदेशात साठ-सत्तर प्रथिनं एकमेकांत गुंतलेली असल्यामुळे तो कारखान्यात बनवता येईना. साप दुर्मीळ, कायदा कडक: एका सापाकडून काही महिन्यांत चमचाभर, त्याहून थेंब जास्त नाही. म्हणून सगळ्या देशात मिळून रोगी फक्त अकरा. बाटलीतल्या औषधाची शुद्धता तपासता येई, पण ताकद तपासता येत नसे. ती माणसाच्या छातीत गेल्यावरच कळे. यंत्राची बारीक घरघर झाली तरी बोआ खात नाही, म्हणून जेवणाच्या खोलीत कॅमेराही नव्हता. तेव्हा साप केव्हा जेवला याला पुरावा एकच, त्याला खाऊ घालणाऱ्या मुकुंदची वही.

त्या अकरा रोग्यांत जनार्दन बाबाजीचं नाव घालायला लावलं ते मुकुंदनंच. दोघं एका वयाचे, एका आळीचे. उसाच्या मळ्यात राबायला रत्नागिरीकडून आलेल्या पूर्वजांनी या समुद्राकाठच्या गावात रामाचं देऊळ बांधलं. बाजारात क्रिओल, कचेरीत फ्रेंच, पण देवळात मराठी, आणि मराठी टिकली ती कीर्तनामुळे. देवळाचे जुने कीर्तनकार अप्पाबुवा, त्यांनी या दोन पोरांना कीर्तन शिकवलं. दोघांना सारखंच शिकवलं, आणि शेवटी मुकुंदच्या हातात झांजा दिल्या व जनार्दनला गादीवर उभं केलं.

पुढची तीस वर्षं मुकुंदनं जनार्दनची पाठ पाहिली. फेट्याखालून ओघळणारा घाम, उपरण्याचा झोक, आणि त्या पाठीपलीकडे शेकडो चेहरे, रडणारे, हसणारे, सगळे त्या एकाकडेच बघणारे. मुकुंदही जनार्दनइतकाच पाठांतराचा. आवाज जरा कोरडा, एवढंच. पण रामराया साक्षी आहे, त्याला प्रेम होतं! जनार्दनला तापाची कणकण आली तर हाच आधी काढा घेऊन धावायचा. आणि घरी येताना वाटेत कुणी "काय गायले जनार्दनबुवा आज!" म्हटलं, की हा तोंड फिरवून चालू लागायचा.

मग जनार्दनचं हृदय थकलं. दर ठोक्याला निम्म्याहून जास्त रक्त बाहेर फेकायचं, ते जेमतेम सहावा हिस्सा फेकू लागलं. जिना चढणं बंद, गाणं बंद. जवळजवळ दोन वर्षं गादीवर मुकुंद उभा राहिला. लोक म्हणाले, बरं करतो हो. तेवढ्या 'बरं'वर त्याचं आयुष्य गोड झालं.

आणि त्यानंच आणलेल्या रक्तानं जनार्दन उठला. चार डोसांत जिना चढला, पाचव्या डोसानंतर अंगणात तान घेतली. ती तान भिंतीपलीकडून मुकुंदनं ऐकली. आनंदानं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच क्षणी त्यानं खिडकी लावून घेतली. दोन्ही खरं होतं.

"तोंड का एवढं आंबलंय?" काका येऊन गेले त्या रात्री वाढताना बायकोनं, शेवंतानं विचारलं.

"कुठे काय?"

"जनूभावजी उभे राहणार, कळलं मला. स्वतःच्या हातानं उठवलंत, आता उभं राहिलेलं का बघवत नाही?"

"तुला काही कळत नाही. वाढ गप."

"मला नाही कळत तर नाही. भात संपला, एवढं कळतं."

अंथरुणावर पडून त्यानं मनाशी हिशोब जुळवला. आपण त्याचं वाईट कुठे चिंततोय? एक डोस फुकट जाईल, बस्स. जरा दमेल, रामनवमीपुरता बसून राहील. पुढचा डोस आपण चोख देऊ. आणि उपाशी प्राण्याच्या रक्तात वाईट ते काय असणार? उपासानं कुणाचं वाकडं झालंय? तो स्वतः महिन्याच्या दोन्ही एकादश्या करणारा माणूस. उपास म्हणजे शुद्धी, हे त्याच्या हाडीमाशी मुरलेलं. डॉक्टरबाई "जेवणाआधीचं कधीच नको" म्हणायच्या, ते ताकद नसते म्हणून, असं त्यानं समजून घेतलं. विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, म्हणून तर विचारलं नाही.

एकादशीला सकाळी पाण्याचा घोट न घेता त्यानं बेचाळीस दिवसांच्या उपाशी रंगीच्या शेपटीतून रक्त काढलं, बाटलीवर चिठ्ठी लावली आणि प्रयोगशाळेच्या गाडीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी जनार्दनला डोस मिळाला.

पाडव्याला गुढी उभारून मंडळी देवळात जमली. त्या दिवसापासून रामनवरात्राची तालीम. आमच्या देवळाची रीत अशी, की पाडव्याला कीर्तनाच्या माणसांनी एकमेकांना नमस्कार करायचा नाही, उराउरी भेटायचं. छातीला छाती लावायची आणि नाम घेऊन सोडायचं.

जनार्दन उशिरा आला. घाटदार फेटा, नवं उपरणं, पण पावलं ओढत होता.

"काय रे, दम लागला?" मुकुंदनं विचारलं.

"काल ऊस खाल्ला, बाधला असेल. तुझ्या त्या सटवी रंगीला विचार, आवडती सून आहे ना तुझी. म्हणावं, या खेपेला औषध पातळ दिलंस."

सगळे हसले. जनार्दननं हात पसरले. "ये, भेट."

मुकुंद भेटला.

वीस वर्षं या माणसानं बोटांच्या टोकांनी सापांची हृदयं चाचपली होती. नुकत्याच जेवलेल्या बोआचा ठोका कसा, भरदार, दमदार. आणि उपासाच्या चाळिसाव्या दिवसाचा कसा, लहान, कोरडा, मधेच थबकणारा, जणू दार लावून घेतल्यासारखा. डोळे मिटूनही तो सांगू शकायचा. जनार्दनच्या नव्या उपरण्याखाली त्यानं तो दुसरा ठोका ऐकला. माणसाच्या छातीत. अगदी तोच.

त्यानं घाईनं स्वतःला सोडवून घेतलं.

"भूत पाहिलंस की काय?" जनार्दन म्हणाला, आणि पायरीवर बसला. त्याचे घोटे चप्पलच्या पट्ट्यांबाहेर सुजून आले होते.

मुकुंद धोतर सावरत तसाच धावत सुटला. सुरूच्या बनातून, पुलावरून, थेट केंद्रावर. डॉक्टर सोलांज खुर्चीत बसून काहीतरी वाचत होत्या. मूळच्या इथल्याच, मच्छीमाराची मुलगी. क्रिओलमध्ये तोडून बोलायच्या.

"बाई, मी खोटं लिहिलं. रंगी जेवली नव्हती."

त्यांनी मान वर केली. "किती दिवस उपाशी?"

"बेचाळीस."

"आणि ते रक्त त्या माणसाला गेलं?"

"हो."

त्या उठल्या. ओरडल्या नाहीत, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "तुला काय वाटलं होतं?"

"वाटलं... पाणी. नुसतं पाण्यासारखं. गुण नाही, अवगुण नाही."

"साप जेवला की हृदय वाढतं, आणि मग सूज उतरावी तसं आपोआप उतरतं, असंच ना?" बाईंनी दोन्ही मुठी एकमेकींवर ठेवल्या. "आपोआप काही होत नाही, मुकुंद. खडकावर अन्न नाही. मोठं हृदय पोसणं परवडत नाही. म्हणून तो प्राणी स्वतःचं हृदय मोडतो आणि त्याच्यावर जगतो. मोडा, असा हुकूम रक्तातून सुटतो. उपास जितका लांब तितका हुकूम कडक. वाढवण्याचा हुकूम आणि मोडण्याचा हुकूम, एकाच रक्तात, वेगवेगळ्या दिवशी. सापाला पुढचं जेवण मिळतं आणि हुकूम फिरतो. त्या माणसाला काय मिळणार आहे?"

मुकुंद किल्ल्यांची जुडी काढून रंगीच्या खोलीकडे वळला.

"का केलंस?"

"तो माझ्यापेक्षा चांगलं गातो," मुकुंद म्हणाला.

बाईंनी हात पुढे केला. "किल्ल्या दे."

तासाभरात जनार्दनला इस्पितळात हलवलं. नळ्या, यंत्रं, लघवी व्हायच्या गोळ्या. चार-पाच दिवस निभावतील, पुढचं सांगता येत नाही, असं बाई म्हणाल्या. मोडण्याचा हुकूम फिरवायचा तर वाढीचाच हुकूम हवा, ताजा, तिसऱ्या दिवसाचा, आणि रंगीचाच. इतर सापांचं रक्त जनार्दनच्या अंगाला जुळत नव्हतं. कायद्यातून एका जादा चमच्याची परवानगी बाईंनी टेलिफोनवर भांडून मिळवली.

पण रंगी खाईना. दुसऱ्या सेवकानं सरडा सोडला, तिनं तोंड फिरवलं. पुन्हा सोडला, ती पानांखाली गेली. बाई दारात येऊन बाहेर थांबलेल्या मुकुंदला म्हणाल्या, "आत ये. मी तुझ्यामागे उभी राहणार आहे."

मुकुंदनं दिवा मंद केला. हातांना पानं चोळली, सरडा हातात घेतला आणि झाकण सरकवलं. वीस वर्षं हे काम करताना तो गुणगुणत असे. आज गळ्यातून सूर निघाला नाही. रंगी पानांतून अर्धी बाहेर आली. जीभ आत, बाहेर. मग एकदम झेप. दुभंगलेला जबडा सरड्याच्या कडक पाठीवर वाकला आणि घट्ट बसला. बाईंनी स्वतः घड्याळ पाहिलं आणि स्वतःच्या हातानं वेळ लिहिली.

"आता बहात्तर तास," त्या म्हणाल्या. "रामनवमीनंतर तुझी नोकरी संपली. माझा अहवाल मी लिहिणार आहे, त्यात तुझं नाव असेल."

"असू दे."

दुसऱ्या दिवशी दुपारी मुकुंद इस्पितळात गेला. जनार्दन उशांना टेकून बसला होता. मुकुंदनं दार लावलं आणि उभ्यानंच सगळं सांगून टाकलं, सरड्यापासून वहीपर्यंत.

जनार्दननं पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलं.

"एकादशीला काढलंस?" त्यानं विचारलं.

"हो."

"म्हणजे तुझाही उपास होता."

"हो."

"दोघं उपाशी. आणि मी वरण-भात हादडून तुझ्या नावानं ढेकर दिला." तो हसायला गेला, खोकला आला. खोकला थांबल्यावर हसू राहिलं नव्हतं. "मुकुंदा, मेलो असतो की रे."

"हो."

"पोरीचं लग्न आहे मार्गशीर्षात."

मुकुंद खाली बसला आणि पलंगाच्या लोखंडी दांड्याला डोकं लावून रडला. जनार्दननं त्याला रडू दिलं. समजूत घातली नाही, हातही लावला नाही.

"जन्या, मी पंचांना सांगतो. आत्ता जातो."

"खबरदार. सांगून मला काय मिळणार? रामनवमीला गादी रिकामी राहील. दोनच माणसं आहेत या गावात कीर्तन करणारी. एक मेल्यातच जमा आहे, दुसऱ्याला तुम्ही हाकलून लावणार. पोराबाळांच्या कानावर मराठी पडायची ती या एका दिवशी. तूच उभा राहा."

"मी? आता?"

"हवं होतं ना तुला? घे."

मुकुंदला वाटलं, हे चाबकाचे फटके असते तर बरे. त्यानं जनार्दनच्या चेहऱ्यावर सूड शोधला. मनापासून शोधला. सापडला नाही.

तिसऱ्या दिवशी रक्त निघालं, गाळलं गेलं, टोचलं गेलं. दोन दिवसांनी यंत्रावरची रेघ सुधारली. जनार्दन लगेच गाणार नव्हता. सहा महिने लागतील, कदाचित वर्ष. पण तो वाचणार होता. नवमीला दोन तासांपुरती सुटी द्या, म्हणून त्यानं बाईंना इतकं पिडलं की त्या स्वतःच त्याला चाकाच्या खुर्चीतून देवळात घेऊन आल्या.

रामजन्माचं कीर्तन दुपारचं. बारा वाजता जन्म झालाच पाहिजे. मिनिटभर पुढे नाही, मागे नाही. मुकुंद फेटा बांधून गादीवर आला तेव्हा पावणेअकरा झाले होते. पहिल्या रांगेत, पंख्याखाली, खुर्चीत जनार्दन.

पूर्वरंगात मुकुंदनं भक्तीचा विषय घेतला. शब्द तोंडपाठ होते, तेवढेच आले. लोक ऐकत होते, बायका पंखे हलवत होत्या. आणि जनार्दन मान डोलवत होता, खरंखुरं, जागच्या जागी दाद देत होता. एका ठिकाणी तर "वा!" म्हणाला. ते "वा" मुकुंदच्या काळजात काट्यासारखं गेलं. त्याला उमगलं, आपण तीस वर्षं त्याच्यामागे झांजा वाजवल्या, पण असं "वा" एकदाही म्हटलं नाही.

मध्यंतर झालं. नामाचा गजर सुरू झाला. रीतीप्रमाणे कीर्तनकाराला हार घालायचा आणि बुक्का लावायचा. बाळाजीकाका हार घेऊन उठले, तर जनार्दननं तो त्यांच्या हातातून मागून घेतला. सोलांजबाईंनी खुर्ची पुढे ढकलली. मुकुंदला वाकावं लागलं.

"उत्तररंग आटप लवकर," जनार्दन त्याच्या कपाळावर बुक्का टेकवत पुटपुटला. "वनवास नको, आज जन्म आहे. आणि गळा का आवळून धरलायस? सोड मोकळा."

मुकुंद पुन्हा उभा राहिला, गळ्यात हार, आणि त्याच्या आतून ती जुनी ओळखीची कळ आली. तो चकितच झाला. त्याला वाटलं होतं, एवढं सगळं झाल्यावर ती मेली असेल. मेली नव्हती, उलट वाढली होती. गाणं त्याचं चांगलं, ते तीस वर्षं सोसलं. आता क्षमाही त्याचीच चांगली. आपल्या वाट्याला काय? झांजा?

रागानं म्हणा, लाजेनं म्हणा, त्याचा गळा सुटला. कोरड्या आवाजात कधी न आलेली धार आली. अयोध्या उभी राहिली, कौसल्येच्या महालात ऊन आलं, आणि बरोबर बाराच्या ठोक्याला रामजन्म झाला. फुलं उधळली, पाळणा हलला, बायकांनी सुंठवडा वाटला. म्हातारे डोळे पुसत होते.

बाळाजीकाका गर्दीतून वाट काढत आले, मुकुंदचे दोन्ही हात धरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मुकुंदा, आज तू जनार्दनालाही मागे टाकलंस!"

हे वाक्य ऐकायला तो तीस वर्षं थांबला होता. त्यानं जनार्दनकडे पाहिलं. जनार्दन खुर्चीत टाळ्या वाजवत होता. "खरंच! खरं बोलताहेत काका!" असं ओरडत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर सुंठवड्याच्या भुकटीशिवाय आणि आनंदाशिवाय काही नव्हतं.

मुकुंदनं हार काढला आणि गादीच्या कडेला ठेवला. खाली उतरला.

"काका, जरा बसा," तो म्हणाला. "मंडळी, तुम्हीही बसा. मला एक सांगायचंय."

जनार्दनच्या टाळ्या थांबल्या. त्यानं ओळखलं. नको, नको, अशी जोरजोरात मान हलवली. डोळे वटारले. हात उचलून तोंडावर बोट ठेवलं.

तीस वर्षं या माणसाच्या खुणेवर मुकुंदनं झांज उचलली होती आणि खुणेवर ठेवली होती. आज पहिल्यांदा त्यानं खूण पाहून न पाहिल्यासारखं केलं. सगळा मोठेपणा एकट्यानं घेऊन जाऊ देणार नाही तुला, जन्या. त्यात पश्चात्ताप किती होता आणि असूया किती, ते त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

"एकादशीच्या तीन दिवस आधी," त्यानं सुरुवात केली, "काका, तुम्ही केंद्राच्या दारात उभे होता..."